माळवदाचें घर आणि त्याचीं स्थित्यंतरें

इतिहास हा शब्द उच्चारला कीं आमच्या मनापुढें किल्ले, लढाया, सनदा आणि राजवंश उभे राहतात. नांदेड-लातूरकडील एखाद्या इतिहासप्रेमी गृहस्थास विचारलें, तर तो कंधारचा किल्ला सांगेल, होट्टलचीं चालुक्यकालीन मंदिरें सांगेल, १७६० सालीं उदगिरास झालेली लढाई सांगेल. हें सर्व योग्यच आहे. परंतु ज्या घरांत या प्रांतांतील बहुतेक माणसें जन्मलीं, वाढलीं आणि मेलीं, त्या घराचा इतिहास सांगावयास सहसा कोणी बसत नाहीं. याचें कारण उघड आहे. किल्ला बांधविणाऱ्याचें नांव शिलालेखांत असतें. घर बांधणाऱ्याचें नांव त्याच्या पणतूलाहि धड आठवत नाहीं. शिवाय घर हें दर पिढीला थोडें थोडें बदलत असतें, आणि जें सतत बदलतें तें जुनें आहे हेंच आपल्या ध्यानांत येत नाहीं. ‘घर पाहावें बांधून’ ही म्हण आपण सर्व जाणतों. पण घर एकदां बांधून संपत नाहीं, तें जन्मभर बांधावें लागतें, हा तिचा पुढचा अर्थ आपण विसरतों. या लेखांत मराठवाड्यांतील माळवदाच्या घरासंबंधानें हा विसरलेला अर्थ थोडासा उलगडून पाहण्याचा आमचा विचार आहे.

अशा प्रकारचा अभ्यास इंग्लंडांत बराच झालेला आहे. तेथील शेतकऱ्यांचीं जुनीं घरें वरून पाहणाऱ्यास अठराव्या शतकांतील विटांचीं वाटतात. पण आंत जाऊन छपराचीं लांकडें पाहिलीं तर तीं धुरानें काळीं झालेलीं आढळतात. याचा अर्थ असा, कीं मूळचें घर म्हणजे छपरापर्यंत उघडा असा एक मोठा दिवाणखाना होता. मध्यभागीं जमिनीवर शेकोटी पेटे आणि तिचा धूर छपरांतून वाट काढी. पुढें सोळाव्या-सतराव्या शतकांत विटांचें धुराडें आलें, धुराला वेगळी वाट मिळाली, म्हणून दिवाणखान्यांत मधोमध पाटई घालून वरचा मजला काढतां आला. १६९६ सालीं खिडक्यांवर कर बसला, तो १८५१ पर्यंत चालला. त्या काळांत किती तरी खिडक्या विटांनीं बुजविल्या गेल्या. डेव्हन परगण्यांत तर एकाच लांब छपराखालीं एका बाजूस माणसें व दुसऱ्या बाजूस गुरें राहत. पुढें गोठ्याचीच स्वयंपाकाची खोली झाली. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इतिहासकारानें १९५३ सालीं असें प्रतिपादन केलें, कीं १५७० ते १६४० या सत्तर वर्षांत इंग्लंडचा ग्रामीण भाग जवळजवळ नव्यानें बांधला गेला. त्याच्या या मतावर पुढें पुष्कळ वाद झाला. पण त्या वादामुळेंच शेंकडों घरांचीं मापें घेतलीं गेलीं. केंट परगण्यांतील ‘बे-लीफ’ नांवाचें पंधराव्या शतकांतील शेतघर नव्या जलाशयांत बुडणार असें ठरलें, तेव्हां तें लांकूड न् लांकूड सुटें करून ससेक्समधील संग्रहालयांत पुन्हा उभें करण्यांत आलें. एका शेतकऱ्याच्या घराचा एवढा मान ठेवला गेला, तो तें घर राजाचें होतें म्हणून नव्हे, तर त्यांत सामान्य माणसाचा इतिहास सांपडतो म्हणून.

आतां आपल्या घराकडे वळूं. धर्माबाद हें गांव या विषयास विशेष सोयीचें आहे. तें नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, गोदावरीच्या जवळ, मराठी आणि तेलुगु या दोन भाषांच्या शिवेवर वसलेलें आहे. १९५६ सालीं राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हां शेजारचीं मुधोळ, भैंसा व कुबेर हीं मंडळें आंध्रांत गेलीं आणि धर्माबाद मराठी मुलखांत राहिलें. शीव केवळ भाषेचीच नाहीं. दख्खनचा काळा पाषाण पश्चिमेकडून येत येत या बाजूस संपत आलेला असून देगलूर-बिलोलीच्या आसपास करड्या-तांबूस ग्रॅनाइटचे गोटे वर डोकावूं लागतात. पाऊस लातूरकडच्यापेक्षां अधिक. आणि जसजसें पूर्वेस जावें तसतशीं सपाट माळवदांच्या जोडीला कवेलूचीं उतरतीं छपरेंहि अधिक दिसूं लागतात. म्हणजे ज्यास माळवदाचें घर समजून घ्यावयाचें आहे, त्यानें जेथें तें संपत येतें अशा ठिकाणीं उभें राहून पश्चिमेकडे पाहावें, हें बरें.

या घराची मूळ कल्पना साधी आहे. घराचें माप खणांत सांगतात. दोन तुळयांमधील जागा म्हणजे एक खण. गरिबाचें घर दोन-तीन खणांचें, सुखवस्तु कुणब्याचें सात-नऊ खणांचें, आणि देशमुख-पाटलांचा वाडा चारी बाजूंनीं खणच खण असलेला चौसोपी. बाहेरच्या भिंती दगडमातीच्या, दोन-दोन, तीन-तीन हात रुंद. रस्त्याच्या बाजूस खिडकी जवळजवळ नाहींच. मोठा दरवाजा, त्यांत लहान दिंडी, आंतून लांकडी अडसर. दरवाजांतून आंत शिरतांच उंचवट्याची ढाळज. येथें पाहुणा टेकावयाचा, पंचायत बसावयाची, म्हाताऱ्यानें दिवस काढावयाचा. पुढें उघडा चौक. त्याच्या एका अंगास गुरें, दुसऱ्या अंगास ओसरी. ओसरीच्या मागें माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि अगदीं आंत, अंधारांत, धान्याचें बळद. भिंतींत दिव्यासाठीं कोनाडे. गुरें आणि माणसें एकाच दरवाजानें जात-येत. डेव्हनच्या लांबट घरांतील शेतकऱ्यास आमच्या कुणब्याचें घर पाहून फारसें नवल वाटलें नसतें. दोघांचेंहि सर्व धन चार पायांचें होतें आणि दोघांनाहि रात्रीं तें जवळ हवें होतें.

घराचा खरा विशेष मात्र त्याच्या माथ्यावर आहे. खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर किलचण म्हणजे लांकडाच्या चिपा अथवा बारीक फांट्या; तिच्यावर लिंबाचा वगैरे पाला आणि त्यावर मातीचा जाड थर. ही माती वाटेल ती चालत नाहीं. आमच्याकडे शेताला ‘काळी’ आणि गांवठाणाला ‘पांढरी’ म्हणतात. काळी माती उन्हानें भेगाळते आणि पावसानें फुगते, म्हणून ती छपराला निरुपयोगी. पांढरी माती चिकट, खारट, पाणी लवकर आंत न घेणारी; ती चोपून बसविली कीं साधारण पावसास दाद देत नाहीं. काळी पिकवी आणि पांढरी झांकी, अशी ही वांटणी होती. माळवदास अगदीं थोडा उतार देऊन पाण्यासाठीं लांकडी किंवा दगडी पन्हळ बाहेर काढीत. आणि उजेडासाठीं मध्यें एक झरोका ठेवीत, तो पावसाळ्यांत झांकावयाचा.

या छपराचे गुण मोठे आहेत. मे महिन्यांत नांदेडकडे पारा ४२ अंशांच्या आसपास जातो. अशा वेळीं दुपारचें ऊन मातीच्या थरांतून खालीं उतरावयास इतका वेळ घेतें, कीं तें पोंचेपर्यंत रात्र झालेली असते आणि घरचीं माणसें वर माळवदावर गार वाऱ्यांत निजलेलीं असतात. त्याच माळवदावर डाळी वाळतात, पापड-कुरड्या वाळतात. आणि धर्माबादचा बाजार तर लाल मिरचीसाठीं नांवाजलेला, तेव्हां त्या बाजूस माळवदावर मिरची पसरलेली दिसली तर नवल नाहीं. शेजारच्या घराचें माळवद आपल्याला लागून असल्यामुळें बायकांना एका घरांतून दुसऱ्या घरांत वरच्यावर जातां येई. सारांश, माळवद म्हणजे केवळ छप्पर नव्हे. तें घराचें दुसरें अंगण होय.

परंतु या गुणांची किंमत दर वर्षीं द्यावी लागे. मृगाच्या आधीं माळवदाची डागडुजी करावयाची हा नेम. गवत उपटावयाचें, उंदरांचीं बिळें बुजवावयाचीं, भेगांत माती भरावयाची आणि वरून पांढऱ्या मातीचा नवा हात द्यावयाचा. पावसानें यांतील कांहीं माती वाहून जाई, कांहीं राही. आतां थोडा हिशेब करूं. वर्षाकाठीं केवळ पाव इंच माती टिकून राहिली असें धरलें, तरी पन्नास वर्षांत थर एक फुटानें वाढतो. दहा फूट लांब व पांच फूट रुंद अशा एका खणावर एक फूट माती म्हणजे ५० घनफूट; घनफुटास सुमारें ४५ किलो धरल्यास हें ओझें सव्वादोन हजार किलोंच्या घरांत जातें. दोन फूट थर झाला तर साडेचार हजार. आजोबांनीं खांब आणि तुळया निवडल्या त्या त्यांच्या वेळच्या ओझ्याच्या मानानें. नातवाच्या डोक्यावर मात्र त्याच तुळया दुप्पट ओझें घेऊन उभ्या होत्या. हा फेरबदल कोणी ठरवून केला नाहीं, त्याची कोठें नोंद नाहीं, आणि तो खालून दिसतहि नाहीं. या घराच्या इतिहासांतील सर्वांत मोठें स्थित्यंतर हेंच, असें आम्हांस वाटतें. त्याचा परिणाम काय झाला तें पुढें येईलच.

भिंतींची गोष्टहि अशीच आहे. रस्त्याकडे खिडकी नसणें, दरवाजास अडसर, भिंतींची रुंदी, या सर्वांच्या मुळाशीं उन्हाइतकीच भीति आहे. अठराव्या शतकाचा उत्तरार्ध आणि एकोणिसाव्याचा आरंभ हा काळ या मुलखास निर्धास्तपणाचा गेला नाहीं. निजाम आणि मराठे यांच्या फौजा येत-जात. पेंढाऱ्यांचा त्रास वेगळाच. म्हणून गांवोगांवीं देशमुख-पाटलांनीं पांढऱ्या मातीच्या उंच गढ्या उभारल्या, आणि ज्यांना गढी परवडत नव्हती त्यांनीं घरालाच गढीचें रूप दिलें. पुढें शांतता आली, गढीची गरज संपली. मग गांवच्या लोकांनीं तिच्या पडक्या तटांची माती खणून आपापल्या माळवदांवर नेली. ज्या मातीनें एके काळीं पाटलाचें रक्षण केलें ती अशी टोपल्या-टोपल्यांनीं साऱ्या गांवाच्या डोक्यावर जाऊन बसली.

शांततेबरोबर नव्या व्यवस्थाहि आल्या. सालारजंगानें १८६५ सालीं हैदराबाद संस्थानांत जिल्हाबंदी केली. वसुलीचें काम सरकारी नोकरांकडे गेल्यानें देशमुख-देशपांड्यांचें महत्त्व उणावलें. ज्या ढाळजेंत पूर्वीं साऱ्या परगण्याचा हिशेब होई, तेथें आतां केवळ घरचा हिशेब होऊं लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हैदराबाद-गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग झाला आणि १९०० च्या सुमारास मनमाड व सिकंदराबाद हीं शहरें जोडलीं गेलीं. धर्माबाद या मार्गावरचें स्थानक. आतांपर्यंत घर बांधावयाचें तें बैलगाडी जेथपर्यंत जाईल तेथपर्यंतच्या दगडानें, लांकडानें आणि मातीनें. आगगाडीनें ही मर्यादा तोडली. शहाबादची फरशी आली आणि शेणानें सारवलेल्या ओसरीवर बसली. लोखंडी तुळ्या आल्या. पन्हळी पत्रा आला. १८६५ पासून मंगळूर येथें बासेल मिशनच्या कारखान्यांत होऊं लागलेलीं आणि ‘मंगळुरी’ याच नांवानें ओळखलीं जाणारीं कौलें आलीं. रेल्वेच्या जवळ व्यापाऱ्यांचीं घरें व वखारी उभ्या राहिल्या, त्यांना रस्त्याकडे तोंड करून मोठीं दारें लागलीं, कारण त्यांना चोराइतकीच गिऱ्हाइकाचीहि आठवण ठेवावी लागत होती. त्यांचें पाहून जुन्या घरांच्या आंधळ्या भिंतींतहि खिडक्या फुटूं लागल्या. आजहि एखाद्या वाड्याच्या भिंतींत जुन्या दगडांच्या मध्यें विटांची चौकट दिसली, तर ती खिडकी मागाहून पाडलेली, हें ओळखावयास फारशी विद्वत्ता लागत नाहीं.

यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे १९४८. सप्टेंबर महिन्यांतील पोलिस कारवाईनें निजामी राजवट संपली. त्याआधींच्या रझाकारी धामधुमींत अनेक कुटुंबें घरांना कुलपें लावून सरहद्दीपलीकडे गेलीं होतीं, त्यांतील कित्येकांना परत आल्यावर उघडीं पडलेलीं छपरें पाहावीं लागलीं. १९४९ सालीं जहागिरी गेल्या. १९५० सालीं कुळकायदा आला. पुढें १९६१ च्या कायद्यानें जमीनधारणेस मर्यादा पडली. शेंकडों एकरांच्या धान्यासाठीं बांधलेलें बळद आतां दहा-वीस एकरांच्या धान्यास फार मोठें झालें. त्याच वेळीं घरांतील वांटण्या सुरू झाल्या. शेत वांटणें सोपें असतें, कारण त्यांत बांध घालतां येतो. चौसोपी वाडा वांटणें फार अवघड. चार भाऊ, एक चौक, एक आड, एक दरवाजा आणि एक देवघर! मग चौकांतून भिंत जाई. ओसरीचे दोन खण एकाच्या, दोन दुसऱ्याच्या वांट्यास येत. मागच्या भिंतीस भोंक पाडून नवा दरवाजा होई. आणि जेथें एक चूल होती तेथें तीन होत. थोरल्याकडे ढाळज राही, पण पाहुणे ज्याच्या त्याच्या दारीं जात. कित्येकदां वांटणीच्या भिंतीसाठीं मधला खांब काढला जाई किंवा तुळई अर्ध्यावर कापून नव्या भिंतींत रोंविली जाई. कागदावरची वांटणी एका दिवसांत होई, परंतु घराच्या हाडांवर तिची खूण कायमची राही.

पिकांनींहि घर बदललें. ज्वारी होती तोंवर घराला बळद, पेव, कणग्या आणि कडब्याची गंजी लागे. कारण ज्वारीचें कणीस माणसाचें आणि ताट गुराचें. गेल्या तीस-चाळीस वर्षांत लातूर-नांदेडकडे सोयाबीनचा पेरा वाढला. हें पीक घरांत ठेवावयाचें नसतें. तें मळलें कीं पोत्यांत भरून आडतीवर जातें आणि घरीं पैसा येतो. त्याला कडबा नाहीं. कडबा नाहीं म्हणून बैल परवडत नाहींत, बैल गेले म्हणून ट्रॅक्टर आला, आणि गोठ्यांत मोटारसायकल उभी राहिली. बळदांत जुन्या गाद्या आणि तुटके पाळणे पडले. चुलीच्या जागीं गॅस आला. यांत गृहिणींच्या डोळ्यांचें आणि छातीचें जें रक्षण झालें तें मोलाचेंच आहे. पण जातां जातां एक गोष्ट नमूद करावयास हवी. चुलीचा धूर तुळयांना वाळवी व किडे यांपासून कांहींसें संरक्षण देत असे. स्वयंपाकघर हललें तरी काळ्या झालेल्या कड्यांवरून मूळची चूल कोठें होती तें आजहि सांगतां येतें. इंग्रजी शेतघराचा अभ्यासक जी खूण केंटमध्यें शोधतो, तीच धर्माबादच्या माजघरांत मान वर केली कीं सांपडते.

आतां त्या दिवसाकडे येऊं, ज्यानें या घराचा इतिहास दोन भागांत तोडला. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं लातूर व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) या जिल्ह्यांच्या सीमेवर किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. गणपति विसर्जनाची रात्र नुकतीच सरत होती. माणसें थकून घरांत निजलेलीं होतीं. भूकंप जगाच्या मानानें अतिप्रचंड नव्हता. त्याचें माप ६.२ ते ६.४ असें सांगितलें जातें. परंतु सुमारें आठ हजार माणसें मेलीं. तीं जमीन दुभंगून मेलीं नाहींत, आपल्याच घरांच्या भिंती आणि माळवदें अंगावर येऊन मेलीं. उन्हापासून वांचविणारी माती आणि चोरापासून वांचविणारा दगड, दोन्ही एका मिनिटाच्या आंत उलटलीं.

त्यानंतर जी पाहणी झाली तींतून घराची आंतली रचना प्रथमच सर्वांपुढें आली. रुंद भिंत एकजीव नव्हती. बाहेरचा एक पदर, आंतला एक पदर, आणि मध्यें दगडांच्या कपच्या व मातीचा भराव. दोन्ही पदर एकमेकांस धरून ठेवणारा आरपार लांब दगड क्वचितच घातलेला. धक्का बसतांच दोन्ही पदर फुगून सुटे झाले. मातीचा चिखल दगडांना धरूं शकला नाहीं. त्यावर एक-दोन फूट जाडीचें माळवद. मात्र याच पाहणींत दुसरीहि एक गोष्ट दिसली. जेथें सारें ओझें लांकडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर होतें आणि सांगाडा शाबूत होता, तेथें पुष्कळ ठिकाणीं भिंती ढासळल्या तरी खण उभे राहिले. माणसें दगडाखालीं सांपडलीं, पण छप्पर खालीं आलें नाहीं.

यावरून दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणतो, माळवदाचें घर हें मूळांतच घातकी. तें जितक्या लवकर नाहींसें होईल तितकें बरें. दुसरा पक्ष म्हणतो, जुन्या लोकांना सारें कळत होतें, दोष नव्यांचा. आमच्या मतें दोन्ही पक्ष घराला एकदांच बांधलेली वस्तु समजतात, म्हणून चुकतात. पहिल्या पक्षाचें एवढें खरें, कीं आरपार दगड नसलेली चिखलाची भिंत ही पहिल्या दिवसापासूनच दुबळी. या मुलखांत भूकंपाची आठवण नसल्यामुळें गवंड्यांस तिचा दुबळेपणा कधीं दिसला नाहीं. हिमालयांतील गवंडी दगडांच्या थरांमध्यें लांकडाचे पट्टे घालतात, कारण तेथें पृथ्वी त्यांना वारंवार आठवण देते. दुसऱ्या पक्षाचें एवढें खरें, कीं लांकडी सांगाडा हा शहाणपणाचा होता. परंतु पन्नास-साठ वर्षें वाढत गेलेला मातीचा थर, वांटणींत कापलेल्या तुळया, काढलेले खांब, मागाहून पाडलेल्या खिडक्या आणि वाळवीनें पोखरलेलीं लांकडें, हीं सर्व स्थित्यंतरें मिळून त्या पहांटेचें घर बनलें होतें. तें आजोबांनीं बांधलेलें नव्हतें आणि नातवानेंहि बांधलेलें नव्हतें. तें तीन पिढ्यांनीं, एकमेकांस न विचारतां, मिळून बांधलें होतें.

भूकंपानंतर ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. घराचें क्षेत्र जमिनीच्या मानानें ठरलें: भूमिहीन व अल्पभूधारकांस २५०, मध्यम शेतकऱ्यास ४०० आणि मोठ्यास ७५० चौरस फूट. सरळ रस्ते, ओळींनीं घरें, पक्क्या भिंती. जीव वांचविणें हेंच पहिलें कर्तव्य होतें, आणि तें त्या घरांनीं केलें, याबद्दल कृतज्ञ असावयास हवें. परंतु त्यांत चौक नव्हता, ढाळज नव्हती, गुरांना जागा नव्हती. म्हणून थोड्याच वर्षांत लोकांनीं पुढें पत्र्याची पडवी काढली, मागें चुलीसाठीं आडोसा केला, बाजूस गोठा बांधला. सरकारनें दिलेल्या घरांत कुणब्यानें आपलें जुनें घर तुकड्यातुकड्यांनीं परत आणलें. स्थित्यंतरांची सांखळी पुन्हा सुरू झाली.

ज्या तालुक्यांत एक भिंतहि पडली नव्हती, तेथेंसुद्धां माळवदावरचा विश्वास उडाला. कोणी माती उतरवून पत्रे घातले, कोणी वाडाच पाडून सिमेंटची स्लॅब ओतली. नक्षीचे खांब आणि दरवाजे शहरांतील व्यापाऱ्यांनीं नेले; आतां ते हॉटेलांच्या दर्शनी भागांत उभे आहेत. पत्र्याखालीं दुपारीं बसवत नाहीं आणि चार-पांच इंचांची स्लॅब रात्रींहि उष्णता ओकत राहते, म्हणून कूलरचा आवाज ऐकत निजावें लागतें. पण याहून गंभीर गोष्ट वेगळी आहे. नवीन घरांतहि आपण तेंच करूं लागलों आहों. एका मजल्याच्या पायावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा मजला चढतो; दुकानासाठीं खालची भिंत काढली जाते; गळणाऱ्या गच्चीवर दर चार-पांच वर्षांनीं सिमेंटचा नवा थर बसतो. माती जाऊन सिमेंट आलें, एवढाच फरक. ज्या संवयीनें किल्लारीच्या माळवदांचें ओझें वाढविलें, ती संवय मात्र भूकंपांत पडली नाहीं.

मग करावें काय? जुनीं घरें सर्व जशींच्या तशीं राखावीं, असें आम्ही म्हणत नाहीं. तें शक्य नाहीं आणि इष्टहि नाहीं. जीं राहण्याजोगीं आहेत त्यांच्या बाबतींत उपाय ठाऊक आहेत व ते फार खर्चाचेहि नाहींत. माळवदावरची जादा माती उतरवून थर वीतभर ठेवावा आणि पाण्यासाठीं खालीं जाड कागद अथवा प्लास्टिकचा पडदा घालावा; भिंतींत ठिकठिकाणीं आरपार बांध घालावे; खांब व तुळई जेथें मिळतात तेथें तिरपे टेकू द्यावे. भूकंपानंतरच्या दुरुस्तीच्या कार्यक्रमांत हींच कामें सांगितलीं गेलीं होतीं. लांकडी सांगाड्याला हात लावण्यापूर्वीं मात्र जाणत्या माणसास विचारल्यावांचून राहूं नये.

आणि जीं घरें पाडावयाचींच, त्यांच्याबद्दल एवढीच विनंती, कीं पाडण्यापूर्वीं त्यांचा एक नकाशा काढावा. खण किती, ढाळज कोठें, बळद कोठें, कोणती भिंत कोणत्या वांटणींत आली, कोणती खिडकी कधीं फुटली, माळवदाचा थर किती जाड होता, हें घरांतील वडील माणसांस विचारून लिहून ठेवावें. विशेषतः घरांतील म्हाताऱ्या बायकांस विचारावें. कारण माळवद सारवणें, चूल हलविणें, बळद भरणें आणि रितें करणें हें सारें त्यांच्या हातून झालेलें आहे. या कामास पंडित लागत नाहीं. मापाची फीत, एक वही आणि एक रविवार पुरे. धर्माबादेस किंवा लातुरास दहा-वीस कुटुंबांनीं एवढें केलें, तरी या प्रांताच्या इतिहासाचें जें पान आजवर कोरें राहिलें आहे तें भरावयास आरंभ होईल; आणि पुढच्या पिढीस आपल्या डोक्यावर किती ओझें आहे, तें तरी वेळेवर कळेल.